सूक्ष्मजंतूचे एक प्रथिन आणि आपली मुले

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अशा समारंभात इल्मचे महत्त्व सांगण्याचा प्रघात आहे. आपल्या धर्मात पहिला ईश्वरी संदेश वाचनाच्या आज्ञेने सुरू झाला, हे येथे बसलेल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. म्हणून ते मी पुन्हा सांगत नाही. इल्म मिळवणे म्हणजे प्रत्यक्षात कोणते काम असते, किती दिवसांचे असते आणि ते कोण करते, याचे एक उदाहरण तेवढे आपल्यापुढे ठेवतो. विषय आहे सूक्ष्मजंतूच्या शरीरात इलेक्ट्रॉन वाहून नेणारे एक प्रथिन, आणि त्याची रचना माणसाने कशी पाहिली ती हकीकत. नाव अवघड वाटले तरी गोष्ट अवघड नाही. पालकांनी जरा धीर धरावा. शेवटी ती आपल्या घरापर्यंत येणार आहे.

श्वास म्हणजे काय?

आपण भाकरी खातो, भात-मासळी खातो, त्यातून शक्ती येते. पण येते कशी? मूठभर साखर चुलीत टाकली तर ती भडकून जळते आणि सगळी उष्णता एकदम बाहेर पडते. शरीरात असे झाले तर आपण भाजूनच निघू. म्हणून शरीराची रीत निराळी आहे. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे हातोहात दिले जातात. मोहल्ल्यात आग लागली की विहिरीपासून घरापर्यंत माणसे रांगेत उभी राहून बादल्या पुढे देतात, तसाच हा प्रकार. रांगेच्या शेवटी प्राणवायू उभा असतो. तो इलेक्ट्रॉन घेतो आणि त्याचे पाणी होते. प्रत्येक टप्प्यावर थोडी थोडी शक्ती सुटते आणि ती शरीर साठवून ठेवते. तिसऱ्या मजल्यावरून उडी मारण्याऐवजी जिन्याने उतरावे, तसे हे आहे. सायनाइडने माणूस मिनिटांत मरतो, कारण ते या रांगेतल्या शेवटच्या प्रथिनाचा हात धरून ठेवते. मग मागची सारी रांग थबकते.

या रांगेतला एक वाहक म्हणजे सायटोक्रोम नावाचे प्रथिन. त्याच्या पोटात लोहाचा एक अणू असतो. रक्ताला लाल रंग देणाऱ्या हीम नावाच्या चकतीच्या मध्यभागी लोह असते, तशीच रचना येथेही आहे. लोहाचा हा अणू इलेक्ट्रॉन घेतो आणि पुढे देतो, पुन्हा घेतो, पुन्हा देतो. त्याचे काम एवढेच.

ही व्यवस्था फक्त माणसात आहे असे समजू नका. तलावाच्या तळच्या गाळात, जेथे थोडासा प्रकाश पोचतो आणि प्राणवायू कमी असतो, तेथे जांभळट-तांबूस रंगाचे सूक्ष्मजंतू राहतात. ठाण्याचा मासुंदा किंवा कल्याणचा काळा तलाव ज्यांनी आटलेला पाहिला असेल, त्यांना तसला गाळ डोळ्यांसमोर आणता येईल. अशा सूक्ष्मजंतूंपैकी एकाचे नाव आहे ऱ्होडोस्पिरिलम रुब्रम. तो सूर्यप्रकाशावर आपले पोट भरतो. त्यासाठी त्याच्याही शरीरात इलेक्ट्रॉन फिरत ठेवावे लागतात, आणि ते नेणाऱ्या प्रथिनाला सायटोक्रोम सी-२ म्हणतात.

मलमल आणि क्ष-किरण

हे प्रथिन केवढे असते? मिलिमीटरचे एक कोटी भाग केले तर एका भागाला अँगस्ट्रॉम म्हणतात. सायटोक्रोमची रुंदी सुमारे ३० अँगस्ट्रॉम. म्हणजे तीन लाखांहून अधिक प्रथिने ओळीने ठेवावीत, तेव्हा एक मिलिमीटर भरतो. आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची लाटच ४,००० ते ७,००० अँगस्ट्रॉम लांब असते. एवढ्या मोठ्या लाटेने एवढी लहान वस्तू पाहणे म्हणजे बैलगाडीच्या चाकाने सुईचे नेढे चाचपण्यासारखे आहे. तेथे क्ष-किरणच हवेत, कारण त्यांची लाट एखाद्या अँगस्ट्रॉमची असते.

पण क्ष-किरणांनी पाहायचे कसे? येथे मी आपल्याला घरी करता येईल असा एक प्रयोग सांगतो. भिवंडी आपल्याच जिल्ह्यात आहे आणि येथील कितीतरी घरांची चूल यंत्रमागावर पेटली आहे. रात्री बारीक मलमलीचा तुकडा किंवा पातळ ओढणी डोळ्यांसमोर ताणून धरा आणि तिच्यातून रस्त्यावरचा दूरचा दिवा पाहा. एका दिव्याच्या जागी प्रकाशाच्या ठिपक्यांची फुली दिसेल. कापड फिरवा, फुलीही फिरेल. अधिक घट्ट विणीचे कापड घ्या, ठिपके एकमेकांपासून लांब सरकतील. (सूर्याकडे मात्र कापडातूनही कधी पाहू नका.) म्हणजे सूत डोळ्यांना न दिसताही, ठिपक्यांवरून वीण किती दाट आहे आणि उभे-आडवे धागे कसे आहेत, हे सांगता येते. यंत्रमागावरच्या कारागिराच्या मुलाला हे समजावून सांगायला मोठे पुस्तक लागत नाही.

क्ष-किरण आणि स्फटिक यांचे नाते नेमके हेच आहे. स्फटिकात रेणू कापडाच्या विणीप्रमाणे ओळीत बसलेले असतात. १९१२ साली जर्मनीत माक्स फॉन लाउए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्फटिकातून क्ष-किरण सोडून ठिपक्यांचे चित्र मिळवले. त्यावरून अणूंच्या जागा काढण्याची रीत इंग्लंडमधील ब्रॅग पितापुत्रांनी बसवली. १९१५ साली दोघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले. मुलगा लॉरेन्स तेव्हा २५ वर्षांचा होता.

प्रकाशाचा हा अभ्यास परक्यांचा आहे असे आपल्या मुलांना वाटू नये. बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न अल-हैथमने हजार वर्षांपूर्वी प्रकाशावर ग्रंथ लिहिला. लॅटिन भाषांतरातून तो युरोपात शिकला गेला. परंतु केवळ त्याचे नाव घेऊन आपले काम भागत नाही. त्याने प्रयोग केले, म्हणून तो मोठा झाला.

आता प्रथिनाचा स्फटिक हवा. भाईंदर, भांडुप या बाजूची मिठागरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना माहीत आहे की खारे पाणी सावकाश आटले तर मिठाचे दाणे मोठे येतात आणि घाई केली तर भुगा होतो. प्रथिनाचेही तसेच, पण त्याचा हट्ट हजारपट अधिक. प्रथिन अगदी शुद्ध हवे, पाण्यातला क्षार मोजका हवा, थंडी-उष्णता सांभाळावी लागते. एवढे करूनही महिनोन् महिने काहीच दिसत नाही. स्फटिक मिळाला तरी आणखी एक अडचण उरते. ठिपक्यांवरून लाटांचा जोर कळतो, पण त्या लाटा कोणत्या टप्प्यावर होत्या ते कळत नाही. त्यावर केंब्रिजच्या माक्स पेरुट्झ यांनी तोड काढली. प्रथिनाला पाऱ्यासारखा जड अणू चिकटवायचा आणि ठिपक्यांत काय फरक पडतो ते पाहायचे. त्यांनी रक्तातील हिमोग्लोबिनवर काम सुरू केले १९३७ साली, आणि रचना हाती आली १९६० च्या सुमारास. डॉरोथी हॉजकिन यांनी इन्सुलिनच्या स्फटिकाचे क्ष-किरण चित्र घेतले १९३५ साली. रचना सुटली १९६९ साली, म्हणजे ३४ वर्षांनी. त्या १९६९ च्या तुकडीत एम. विजयन नावाचे तरुण भारतीय शास्त्रज्ञ होते. पुढे बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी प्रथिनांच्या स्फटिकांचे शास्त्र रुजवले. आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांनी लिहून ठेवावी. जगात कोठेही प्रथिनाची रचना काढली, की ती बरोबर आहे की नाही हे १९६३ साली मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या आलेखावर तपासून पाहतात.

चित्रात काय दिसले?

घोड्याच्या हृदयातील सायटोक्रोम सी ची रचना अमेरिकेत रिचर्ड डिकरसन यांच्या तुकडीने १९७१ साली प्रसिद्ध केली. गाळातल्या त्या तांबूस सूक्ष्मजंतूच्या सी-२ ची रचना सॅन डिएगो येथे सालेम, क्राउट आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली दिली. घोड्याच्या प्रथिनात अमिनो आम्लांचे १०४ मणी आहेत, सूक्ष्मजंतूच्या प्रथिनात ११२. मण्यांचा क्रम पुष्कळ वेगळा आहे. पण दोन्ही चित्रे शेजारी ठेवली तेव्हा घडण तीच निघाली. माळ त्याच पद्धतीने दुमडलेली, हीमची चकती त्याच जागी, आणि लोहाला दोन बाजूंनी धरणारे हिस्टिडीन व मेथिओनीन हे दोन मणीही तेच. कुठे घोड्याचे हृदय आणि कुठे तलावातला जंतू! जीवशास्त्र याला समान वंशाचा पुरावा मानते. श्रद्धावान माणसाला त्यात निर्मात्याच्या कारागिरीची खूणही दिसते. दोघांनाही ती दिसली ती स्फटिकामुळेच.

त्या चित्राने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि माझ्या व्याख्यानाचा गाभा तीच आहे. हीमची चकती प्रथिनाच्या आत तेलकट कप्प्यात जपून ठेवलेली असते आणि तिची फक्त एक कड बाहेरच्या बाजूला येते. त्या कडेभोवती धन विद्युतभाराचे मणी असतात. पुढच्या प्रथिनावर ऋण भाराची जागा असते. दोघे क्षणभर एकमेकांना टेकतात, इलेक्ट्रॉन पलीकडे जातो आणि दोघे वेगळे होतात. मात्र इलेक्ट्रॉनला लांब उडी घेता येत नाही. पुढचा थांबा सुमारे १४ अँगस्ट्रॉमच्या आत असला तरच तो कामाच्या वेगाने पोचतो. अंतर पावणेदोन अँगस्ट्रॉम वाढले की वेग साधारण दहापट घटतो. म्हणून लांबचा पल्ला गाठायचा असेल तर निसर्ग इलेक्ट्रॉनला जास्त जोराने फेकत नाही, तो मध्ये आणखी एक थांबा ठेवतो.

हे सर्वांत स्पष्ट दिसले ते १९८५ साली. अशाच दुसऱ्या एका सूक्ष्मजंतूत प्रकाश पकडून इलेक्ट्रॉन हलवणारे मोठे प्रथिन आहे. ते पेशीच्या तेलकट पापुद्र्यात बसलेले असते आणि तसल्या प्रथिनाचा स्फटिक होणारच नाही, असे बहुतेकांचे मत होते. जर्मनीतील हार्टमुट मिशेल यांनी ते साबणासारख्या द्रव्यात गुंडाळले आणि लहान रेणू घालून साबणाचा तो घेर आवळून घेतला. १९८२ साली त्यांनी स्फटिक मिळाल्याचे जाहीर केले. योहान डायझनहोफर आणि रॉबर्ट ह्यूबर यांच्यासह त्यांनी रचना सोडवली, आणि १९८८ साली तिघांना नोबेल मिळाले. त्या चित्रात ठराविक अंतरावर मांडलेले थांबे एकामागून एक दिसतात, आणि एका बाजूला चार हीम ओळीने उभे आहेत. बादल्यांची रांगच ती.

एक मराठी मुलगी

या विषयात आपल्या महाराष्ट्राचा वाटा कोणता? सायटोक्रोमचे हे कार्य १९२५ साली केंब्रिजमध्ये डेव्हिड केलिन यांनी दाखवले. पुढे त्याच केंब्रिजमध्ये एक मराठी तरुणी गेली. कमला भागवत तिचे नाव. लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या. लेखिका दुर्गा भागवत यांच्या त्या धाकट्या भगिनी. मुंबई विद्यापीठात पहिल्या येऊन त्यांनी १९३३ साली बंगलोरच्या विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. मुलगी म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी नकार दिला. कमलाताई हटून बसल्या. शेवटी अटी घालून प्रवेश मिळाला. त्यांचे काम पाहून पुढे तेथे मुलींना दार उघडले. केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना त्यांनी वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम असल्याचे दाखवले आणि १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांची नोंद होते. नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेच्या पौष्टिकतेवर काम केले आणि पुढे त्या संस्थेच्या संचालिका झाल्या.

त्याआधीचे उदाहरण तर आपल्या अंगणातले आहे. १८६५ साली कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या. कल्याणहून फिलाडेल्फिया त्या काळी जेवढे दूर होते, तेवढे आज आपल्या मुलींसाठी काहीच दूर नाही.

आपल्या समाजातील नावही सांगतो. अलीगढमध्ये शिकलेले डॉ. ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ साली, होमी भाभांच्या निमंत्रणावरून, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. देशातील या शास्त्राचे ते एक पायाचे दगड आहेत.

याचा उपयोग काय?

पालक विचारतील, आणि त्यांनी विचारावेच, की या चित्रांनी कोणाचे पोट भरते? एक उत्तर देतो. क्षयाने आपल्या वस्त्यांत किती घरे पोखरली, हे मी सांगायला नको. क्षयाच्या जंतूलाही इलेक्ट्रॉनची हीच रांग लागते, आणि रांगेच्या टोकाला साठवणुकीची शक्ती तयार करणारे एक फिरते यंत्र असते. बेडाक्विलिन नावाचे औषध त्या यंत्राचे चाक अडवते. २०१२ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. क्षयावर नव्या जातीचे औषध त्याआधी सुमारे ४० वर्षे आले नव्हते. ते चाकात कोठे अडकते हे २०१५ साली, क्षयाच्या जंतूच्या एका निरुपद्रवी नातलगाच्या प्रथिनाच्या स्फटिकावरून दिसले. माणसाचे यंत्र आणि जंतूचे यंत्र यांत जो बारीक फरक आहे, त्यातच रोग्याचा जीव वाचवण्याची जागा आहे. तो फरक डोळ्यांनी पाहण्यासाठी ही चित्रे लागतात.

विद्यार्थी विचारतील की आता संगणकच प्रथिनांच्या रचनेचा अंदाज सांगतो, मग स्फटिक कशाला? संगणकाच्या त्या कामाला २०२४ सालचे नोबेल मिळाले, हे खरे. पण तो संगणक शिकला तो याच स्फटिकांतून मिळालेल्या रचनांवर. आणि औषध नेमके कोठे बसते याची खात्री आजही प्रयोगानेच करावी लागते.

आपल्या घरापर्यंत

आता मघाच्या गाभ्याकडे येतो. मानखुर्दहून वाशीला जाताना पुलावरून ट्रॉम्बेची टेकडी दिसते. तेथील भाभा अणुसंशोधन केंद्रात प्रथिनांच्या स्फटिकांवर काम चालते. त्यांनीच इंदूरच्या इंडस-२ या यंत्रावर प्रथिनांसाठी क्ष-किरणांची खास वाहिनी उभी केली आहे. मानखुर्दलाच होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तेथून देशाच्या विज्ञान ऑलिम्पियाडचे काम चालते. ट्रॉम्बे-मानखुर्दचे हे सारे ठाणे-कल्याणहून लोकलने जाऊन संध्याकाळी परत येण्याच्या अंतरावर आहे. तरीही राबोडी, मुंब्रा, दूधनाका, भिवंडी येथील किती मुलांनी ते पाहिले आहे?

आपली मुले हुशार नाहीत असे नाही. त्यांना उडी मारता येत नाही असेही नाही. मधला थांबा नाही, ही आपली अडचण आहे. दहावीला उत्तम गुण मिळवणाऱ्या मुलाच्या घरी डॉक्टर आणि इंजिनिअर हे दोनच शब्द माहीत असतात. त्यात प्रवेश मिळाला नाही की मुलगा दुकानावर बसतो. मुलीच्या बाबतीत तर प्रयोगशाळेतून यायला उशीर होतो एवढ्या कारणाने विज्ञान शाखा सुटते. तिसरी वाट आहे, हे सांगणारे माणूस १४ अँगस्ट्रॉमच्या आत नसते.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली संस्थेला. बारावीनंतर शुद्ध विज्ञान शिकण्याच्या परीक्षांची माहिती दर वर्षी शाळेच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लावावी. पुण्याच्या आयसर संस्थेसाठी आयएटी ही परीक्षा आहे. मुंबईच्या कालिना येथील मूलभूत विज्ञान केंद्रासाठी नेस्ट आहे. ठाण्याच्या बांदोडकर किंवा कल्याणच्या बिर्ला महाविद्यालयात बी.एस्सी. करूनही जॅम परीक्षेने पुढे आयआयटीत एम.एस्सी. करता येते. माहिती वेळेवर न मिळाल्यामुळे एकाही मुलाचा अर्ज राहू नये.

दुसरी कॉलेजात शिकणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना. तुम्ही प्रत्येकाने आठवी-नववीतले एक मूल धरावे. पैसे देण्याची गरज नाही. महिन्यातून दोन वेळा त्याच्याजवळ बसा, त्याच्या शंका ऐका, एकदा त्याला आपल्या प्रयोगशाळेत घेऊन जा. सायटोक्रोम याहून अधिक काही करत नाही. घेतो आणि पुढच्याला देतो.

तिसरी पालकांना. मुलगी प्रयोगशाळेतून उशिरा येणार असेल तर तिला विज्ञानातून काढू नका. स्टेशनवर तिला आणायला जा. आणि मुलाने संशोधनाचे नाव काढले तर पहिल्याच दिवशी पगार विचारू नका. सुरुवातीची वर्षे शिष्यवृत्तीवर काढावी लागतात, हे मी लपवत नाही. ज्या घरात दुसरा कमावता नाही तेथे हा निर्णय जड आहे, हेही मान्य. अशा घरांसाठीच शिक्षण संस्था असते. वर्गणी देताना आपण हे लक्षात ठेवावे.

एका स्फटिकासाठी माणसांनी ३४ वर्षे वाट पाहिली. आपल्याला एका मुलासाठी आठ-दहा वर्षे धीर धरायचा आहे. अल्लाह आपल्याला ती सबुरी देवो. विद्यार्थी मित्रहो, आज रात्री ती मलमल डोळ्यांसमोर धरून दिवा जरूर पाहा, आणि जे दिसेल ते उद्या आपल्या विज्ञानाच्या शिक्षकांना सांगा.

खुदा हाफिज.